साधर्मिक वात्सल्य आणि सहकारी धान्यभांडार
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे हा संस्थेच्या आयुष्यातील लहान काळ नव्हे. या काळात बीड जिल्ह्याने 1972 चा दुष्काळ ओसरताना पाहिला, तसाच 2012-13 आणि 2015-16 चा दुष्काळही सोसला. प्रत्येक संकटात समाजातील दानशूर पुढे आले. चारा छावण्या, पाण्याचे टँकर, धान्याच्या पिशव्या यांसाठी कोणापुढे फार हात पसरावे लागले नाहीत. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांची परंपरा ज्या समाजात घराघरांत सांगितली जाते, त्या समाजाकडून हेच अपेक्षित होते.

परंतु सुवर्णमहोत्सव हा जसा कृतज्ञतेचा प्रसंग असतो, तसाच आत्मपरीक्षणाचाही असतो. पर्युषणात किंवा दिवाळीपूर्वी धान्याच्या पिशव्यांचे वाटप होते. नावे पुकारली जातात, छायाचित्रे घेतली जातात. एकेकाळी ज्या घराने मंदिरात चढावे बोलले, त्याच घरातील विधवा सून त्या रांगेत उभी राहू शकत नाही. व्यापार बसला, आजारपणात शिल्लक संपली, मुलांचे शिक्षण अर्धवट राहिले, तरी पिशवी घ्यायला ती येत नाही. जे येतात ते अर्थातच गरजू आहेत. पण जे येत नाहीत त्यांची गरज काही कमी नसते. वर्षातून एकदा मिळालेली पिशवी पंधरा दिवस पुरते आणि उरलेले साडेअकरा महिने संसार बाजारभावावरच चालतो. साधर्मिक वात्सल्याचा खरा विचार या साडेअकरा महिन्यांपासून सुरू व्हायला हवा.

या प्रश्नाला जगाने दिलेले एक उत्तर पावणेदोनशेहून अधिक वर्षे जुने आहे. इंग्लंडमधील रॉचडेल या कापड गिरण्यांच्या गावी 28 विणकर व कारागिरांनी एकत्र येऊन 28 पौंडांचे भांडवल उभे केले आणि 21 डिसेंबर 1844 रोजी एका गल्लीत लहानसे दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल त्यात होता. त्या काळी तिकडे पावात तुरटी मिसळली जाई आणि वजनात फसवणूक नित्याची होती. या कारागिरांनी नियम केले : माल शुद्ध असावा, माप पुरे असावे, विक्री रोखीने व्हावी, भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला मत एकच असावे, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत मिळावा. जगभरची ग्राहक सहकारी चळवळ पुढे याच नियमांवर उभी राहिली.

हे नियम श्रावकाच्या कानाला परके वाटू नयेत. आचार्य उमास्वाती यांच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना जास्त आणि देताना कमी मापणे. दुसरा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणे. ज्या गोष्टीला आज वैधमापनशास्त्र कायदा आणि अन्नसुरक्षा कायदा गुन्हा मानतो, तिला या समाजाच्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी व्रतभंग ठरविले होते. भेसळ ही केवळ पैशाची फसवणूकही नसते. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि जलशोफाच्या साथीत 60 हून अधिक माणसे दगावली. तिथे अचौर्य आणि अहिंसा ही दोन्ही व्रते एकाच डब्यात बुडाली.

महाराष्ट्रातही ही वाट पूर्वीच चोखाळली गेली आहे. 1948 साली मुंबईच्या नायगाव भागातील कामगारवस्तीत ‘अपना बाजार’चा प्रारंभ झाला. पुढे 1972 च्या सुमारास महागाईने कळस गाठला, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. याच अस्वस्थतेच्या काळात, 1974 साली, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ज्येष्ठ गायक-संगीतकार सुधीर फडके हे या कार्यात त्यांचे सहकारी होते.

ग्राहक पंचायतीच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की तिने दुकान उघडलेच नाही. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करावयाचा. महिन्याला काय किती लागणार, याची यादी प्रत्येक कुटुंबाने आधी भरून द्यावयाची आणि रक्कमही आधी भरावयाची. सर्व संघांच्या याद्या एकत्र करून पंचायत घाऊक खरेदी करते. माल संघातील एखाद्या सदस्याच्या घरी येऊन पडतो आणि सगळे मिळून वाटप करून घेतात. हजारो कुटुंबांचा किराणा अशा रीतीने वर्षानुवर्षे घरी पोहोचला आहे. जपानमध्येही 1965 साली टोकियोतील सेतागाया भागातील सुमारे 200 गृहिणींनी 300 बाटल्या दूध एकत्र खरेदी करून अशीच सुरुवात केली. त्यातून ‘सेइकात्सु क्लब’ ही मोठी ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. मुंबई आणि टोकियोच्या गृहिणींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण दोघींना एकच मार्ग सापडला.

दुकानाऐवजी यादीला एवढे महत्त्व का, याचे कारण गावोगावच्या बंद पडलेल्या ग्राहक भांडारांत दिसते. भांडार उघडते तेव्हा जागेचे भाडे, नोकरांचा पगार आणि न खपलेला माल यांचा भार पहिल्या दिवसापासून सुरू होतो. ओळखीच्या सभासदाला उधारी नाकारता येत नाही. वर्षअखेरीस साठ्याचा मेळ लागत नाही. यादीच्या पद्धतीत जेवढी मागणी तेवढीच खरेदी असते, म्हणून माल पडून राहत नाही. या गोष्टीला श्रावकाच्या दृष्टीने आणखीही एक अर्थ आहे. महिनोन्‌महिने साठविलेल्या धान्यात सोंडे होतात आणि ते निवडताना, उन्हात घालताना जीवहिंसा टळत नाही. महिन्यापुरते स्वच्छ धान्य घरी आले तर ही हिंसा पुष्कळ अंशी टळते. चातुर्मासात पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरांना तर ताजे धान्य आणि जवळची गिरणी यांचेच मोल अधिक.

आता या विचाराचा बीड जिल्ह्याशी असलेला संबंध पाहू. ज्वारी, बाजरी, तूर, उडीद, मूग ही या मातीची पिके. असे असूनही ऑक्टोबर 2015 मध्ये, मराठवाड्यात दुष्काळ असताना, तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. दीड वर्षातच चित्र उलटे झाले. 2016-17 च्या हंगामात तूर उदंड पिकली आणि बोनससह 5,050 रुपये क्विंटल हा हमीभाव मिळावा म्हणून शेतकरी खरेदी केंद्रांपुढे दिवसेंदिवस ट्रॅक्टर लावून थांबला. अनेकांना बाजारात त्याहून कमी भावाने तूर विकावी लागली. एका वर्षी गृहिणी रडली, दुसऱ्या वर्षी शेतकरी रडला. जिथे तूर पिकते आणि शेजारच्या लातूरला जिथे तिची डाळ होते, तिथल्या स्वयंपाकघरालाही डाळ महाग पडावी, यात कोणा एकाचा दोष शोधण्यापेक्षा शेत आणि स्वयंपाकघर यांच्यातील अंतर कमी करणे हिताचे आहे.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडता येईल. 25 कुटुंबांनी महिन्याला प्रत्येकी 4 किलो तूरडाळ लिहिली, तर 1 क्विंटल डाळ होते. प्रत्येकी 20 किलो ज्वारी लिहिली, तर 5 क्विंटल ज्वारी होते. एकटे कुटुंब किरकोळ ग्राहक असते, तर ही 25 कुटुंबे मिळून घाऊक ग्राहक होतात. त्यांना नमुना पाहून माल घेता येतो, पॉलिश न केलेली डाळ मागता येते, शेतकरी गटाकडून थेट ज्वारी-बाजरीही घेता येते. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. ज्या भाकरीला नव्या पिढीने गरिबाचे अन्न म्हणून बाजूला सारले, तिचे महत्त्व आता जग सांगू लागले आहे. आरोग्यदायी अन्नासाठी या जिल्ह्याला दूर जाण्याची गरज नाही.

मात्र या योजनेच्या वाटेत दोन अडचणी आहेत आणि सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर त्या झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

पहिली अडचण समाजाच्या व्यवसायाची. मराठवाड्याच्या बाजारपेठांत किराणा आणि आडतीचा व्यवसाय करणारी अनेक घरे याच समाजाची आहेत. ट्रस्टच्या देणग्यांतील मोठा वाटाही त्याच पेढ्यांवरून येतो. सहकारी खरेदी सुरू झाली तर आपल्याच बांधवाच्या गल्ल्यावर परिणाम होईल, ही शंका खरी आहे. शिवाय दुष्काळात, लग्नकार्यात, आजारपणात उधारीवर घर चालविणारा तोच दुकानदार असतो. त्याचे हे ऋण नाकारता येणार नाही. म्हणून सहकारी संघाने व्यापाऱ्याशी वैर धरू नये. घाऊक पुरवठ्यासाठी समाजातील व समाजाबाहेरील सर्व व्यापाऱ्यांकडून उघड दर मागवावेत, नमुने सर्वांसमक्ष पाहावेत आणि ज्याचा माल चोख व दर वाजवी त्याच्याकडून खरेदी करावी. ज्याचा स्वतःचा दर विचाराधीन आहे, त्याने त्या दिवशी दर समितीत बसू नये. एवढा एक नियम निष्ठेने पाळला तर अर्धी भांडणे उद्भवणारच नाहीत. चोख मापाच्या व्यापाऱ्याला यातून महिन्याच्या महिन्याला निश्चित आणि रोखीचा ग्राहक मिळेल.

दुसरी अडचण रोखीची. रक्कम आधी भरणे नोकरदाराला सोपे असते, पण हंगामावर ज्याची मिळकत अवलंबून आहे त्याला ते कठीण जाते. ज्या भगिनीसाठी ही सारी योजना, तीच पहिल्या महिन्याची रक्कम भरू शकणार नाही. इथे समाजाची एक प्राचीन परंपरा कामी येऊ शकते, ती म्हणजे गुप्तदान. दात्यांनी पिशव्यांऐवजी एक ठेव निधी उभा करावा. ज्या कुटुंबाला गरज आहे त्याचा भाग आणि पहिल्या महिन्याची आगाऊ रक्कम या निधीतून भरली जावी, आणि ते नाव दोन विश्वस्तांखेरीज कोणालाही कळू नये. पुढे त्या कुटुंबाने शक्य होईल तशी ती रक्कम परत करावी, म्हणजे ती दुसऱ्या घराच्या उपयोगी पडेल. संघाच्या वहीत सर्व सभासद सारखे असतील. वाटपाच्या दिवशी देणगीदाराची सून आणि ती विधवा भगिनी एकाच तराजूपाशी बसून धान्य मोजतील, आणि कोणाची रक्कम कोठून आली हे तराजूला ठाऊक नसेल.

कार्यवाहीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा निधी धर्मादाय कार्यासाठी असतो, तो खरेदी-विक्रीत गुंतविणे उचित नाही. म्हणून संघ स्वतंत्र असावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान 10 व्यक्तींना एकत्र येऊन संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. पहिले काही महिने 20-25 कुटुंबांनी डाळ, ज्वारी, तेल, गूळ, मसाले अशा मोजक्या जिनसांवर अनुभव घ्यावा आणि मगच नोंदणीकडे वळावे. तराजू प्रमाणित असावा. खरेदीची पावती आणि वाटपाचा तक्ता वाटपाच्या ठिकाणी भिंतीवर लावावा. दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे आणि सर्वसाधारण सभा नियमाने घ्यावी. धान्याची पारख ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या श्राविकांकडे निवड समितीचे काम सोपवावे. मिरे पाण्यात टाकले की बुडतात आणि पपईच्या वाळलेल्या बिया तरंगतात, ही परीक्षा त्यांना कोणी शिकवावी लागत नाही.

शेवटी सभासदत्वाचा प्रश्न. सहकाराचे पहिले तत्त्व खुले सभासदत्व हे आहे आणि धर्माची अनुकंपाही जातपात विचारीत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी कुटुंबे याच जिल्ह्यात राहतात. त्यांच्या मुलांच्या ताटातील डाळही तितकीच महाग असते. प्रारंभ समाजातील घरांपासून व्हावा हे स्वाभाविक आहे, पण यादीच्या वहीत शेजाऱ्याच्या नावासाठी जागा ठेवावी.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट उभा केला, त्यांच्यापाशी आजच्याइतकी साधने नव्हती. त्यांनी मंदिर, पाठशाळा, धर्मशाळा या गोष्टी एकेका रुपयाने जमवाव्या, तशा जमविल्या. पुढच्या पिढीने त्यात एका वहीची भर घालावी. येत्या चातुर्मासापूर्वी त्या वहीत पंचवीस घरांची नावे आणि त्यांच्या महिन्याच्या याद्या लिहिल्या गेल्या, तर सुवर्णमहोत्सवाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.