वैद्यकीय निबंध कोठें पाठवावा?

संशोधन करणें जितकें कष्टाचें, तितकेंच तें योग्य ठिकाणीं प्रसिद्ध करणें हें विचाराचें काम आहे. नाशिक येथें १९९८ सालीं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें. त्याच्या कक्षेंतील अध्यापक व पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यापुढें हा प्रश्न वारंवार उभा राहतो. अध्यापकांच्या बढतीच्या वेळीं प्रसिद्ध निबंधांची गणना होते. त्यामुळें निवडीची चिंता अधिकच वाढते. अशा वेळीं बहुतेकांची नजर प्रथम जाते ती नियतकालिकाच्या प्रभावांकाकडे, म्हणजे ज्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात त्या आकड्याकडे.

हा आकडा आहे तरी काय? कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढें कोणीं केला याची सूचि करावी, ही कल्पना अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं मांडली. त्या सूचींत कोणतीं नियतकालिकें घ्यावींत हें ठरवितांना प्रभावांक उपयोगी पडला. त्याचें गणित सोपें आहे. समजा, एका नियतकालिकानें २०२२ व २०२३ या दोन सालीं मिळून १०० निबंध छापले आणि २०२४ सालीं त्यांचा ३०० वेळां उल्लेख झाला, तर त्याचा २०२४ चा प्रभावांक ३. परंतु त्यांतले २०० उल्लेख एकाच निबंधाचे असले, तर उरलेल्या ९९ निबंधांच्या वांट्यास सरासरीनें जेमतेम एकेक उल्लेख येतो. एका हुषार मुलामुळें वर्गाची सरासरी वाढली, म्हणून शेवटच्या बांकावरचा मुलगा हुषार ठरत नाहीं. शिवाय कर्करोगावर लिहिणारे जगांत असंख्य, विंचूदंशावर लिहिणारे मोजके. तेव्हां दोन विषयांच्या आकड्यांची तुलना करणें व्यर्थ होय. नियतकालिकाच्या आकड्यावरून एकेका निबंधाची योग्यता ठरवूं नये, असें २०१२ सालच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानें स्पष्ट सांगितलें आहे.

मग कसोटी कोणती? तिचें उदाहरण कोकणांत सांपडतें. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तांबड्या विंचवाच्या दंशानें हृदय कसें कोलमडतें याचें बारकाईनें निरीक्षण केलें, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध त्यावर वापरून पाहिलें. १९८२ सालीं त्यांचें लेखन लॅन्सेट या विलायती साप्ताहिकांत आलें व जगाचें लक्ष वेधलें. पण ते तेवढ्यावर थांबले नाहींत. विषविज्ञानाच्या अभ्यासकांसाठीं त्यांनीं टॉक्सिकॉनमध्यें लिहिलें, आणि भारतीय डॉक्टरांसाठीं असोसिएशन ऑफ फिजिशियन्सच्या मुखपत्रांत व इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्समध्यें लिहिलें. २०११ सालीं प्रतिविषासह प्राझोसिन व नुसतें प्राझोसिन यांची तुलनात्मक चांचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाली. विषय एकच, परंतु वाचक निरनिराळे, म्हणून स्थळेंही निरनिराळीं. पूर्वीं ज्या दंशानें रोगी मोठ्या प्रमाणांत दगावत, तेथें मृत्यूचें प्रमाण पुढें पुष्कळच खालीं आलें.

आकड्याच्या मोहाचा फायदा घेणारेही आहेत. कांहीं नियतकालिकें भलताच प्रभावांक छापतात, चार दिवसांत निबंध स्वीकारल्याचें कळवितात आणि मग शुल्काची मागणी करतात. अशा वेळीं मेडलाइनसारख्या सूचींत तें नांव आहे कीं नाहीं हें स्वतः पाहावें, त्यांतील जुने निबंध वाचावे, संपादक मंडळांतील नांवें खरोखर त्या विषयांतील तज्ज्ञांचीं आहेत कीं नाहीं याची चौकशी करावी, आणि शुल्क आधींच विचारून घ्यावें.

सारांश, लेखकानें प्रश्न क्रमानें विचारावे. हा निबंध कोणाच्या हातीं पडावयास हवा? त्या वाचकाला तो मिळूं शकेल काय? त्याचें तज्ज्ञांकडून प्रामाणिक परीक्षण होईल काय? या तिहींचें उत्तर समाधानकारक आलें, म्हणजे मग प्रभावांक अवश्य पाहावा. कारण खेड्यांतील दवाखान्यांत विंचू चावलेलें मूल समोर असतांना डॉक्टराला उपयोग होतो तो निबंधांतील ज्ञानाचा. नियतकालिकाच्या आकड्याचा नव्हे.