मधमाशीचे कष्ट आणि आपले ताट

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी विहारामागच्या पिंपळाला आग्या मोहोळ लागले होते. पोरांना चावेल म्हणून एका रात्री टेंभा लावून ते जाळले. सकाळी झाडाखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. तरी आम्ही तिथे उभे होतो आणि गप्प होतो. तेव्हापासून जो विषय मनात घोळतो आहे, तोच आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

मधमाशी मध देते, एवढेच आपल्याला ठाऊक. पण तिचे मोठे काम वेगळेच आहे. परसात ज्यांनी लाल भोपळ्याचा वेल लावला असेल, त्या माय-बहिणींना माहीत आहे की वेलावर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. मादी फुलाखाली इवलासा भोपळा आधीच असतो. पण नर फुलाचे पराग तिथवर पोचले नाहीत, तर तो पिवळा पडून गळतो. हे पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशी ते अंगाला माखून नेते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, त्यावर पतंग येतात. ज्या कोकोपासून मुलांचे चॉकलेट होते, त्याचे फूल चिलटाएवढी माशी फळवते. यालाच शाळेच्या पुस्तकात परागीभवन म्हणतात.

आता जगाचा हिशेब पाहू. अनेक देशांच्या सरकारांनी मिळून नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०१६ साली अहवाल दिला. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक पिके थोडीफार का होईना, अशा जीवांवर अवलंबून आहेत. त्यांच्या कामातून दरवर्षी येणाऱ्या पिकाची किंमत २३५ ते ५७७ अब्ज डॉलर धरली आहे. एवढ्या कामाची मजुरी मात्र कोणी दिलेली नाही!

कोणी म्हणेल, गहू, तांदूळ, ज्वारीला माशी लागत नाही, मग भीती कसली? बरोबर आहे. भात-भाकरी राहील. पण भाजी, फळे, सूर्यफूल-मोहरीचे तेल कमी होईल, महाग होईल. आणि महाग झालेली वस्तू आधी कोणाच्या ताटातून जाते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

हे जीव नसले म्हणजे काय होते, त्याची दोन उदाहरणे देतो.

पहिले व्हॅनिलाचे. हा वेल मूळचा मेक्सिकोकडचा. फ्रेंचांनी तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेला. वेल वाढला, फुलला, पण शेंग धरेना, कारण त्याची माशी तिथे नव्हती. १८४१ साली एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून, अंगठ्याने पराग दाबून शेंग धरवून दाखवली. मळ्यात कोणालाही जमेल अशी ही रीत होती. आजही जगातला व्हॅनिला बहुतेक असाच हाताने, एकेक फूल धरून पिकवतात. फ्रान्सच्या एका वनस्पतीशास्त्रज्ञाने ते श्रेय आपल्याकडे ओढू पाहिले. १८४८ साली गुलामगिरी संपली, एदमोंला आल्बियस हे आडनाव मिळाले. पण ज्याच्या हाताने इतरांना श्रीमंत केले, तो १८८० साली गरिबीतच गेला.

दुसरे पामतेलाचे. आपल्या वडापाव-भज्यांत ते असतेच. तेलाचा हा ताड आफ्रिकेतला, तो मलेशियात लावला. तिथे मजुरांना हाताने पराग टाकावे लागत. १९८१ साली आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधून एक भुंगेरा आणून सोडला, आणि माणसांचे ते काम त्या दाण्याएवढ्या किड्याने आपल्या अंगावर घेतले.

म्हणजे बघा, किडा नसला की तेच काम गरीब माणसाच्या हातावर येते. किड्याचे कष्ट असोत की एदमोंचे, जग फळ खाते आणि कष्ट विसरते. हे दुःख आपल्या समाजाइतके कोणाला कळणार?

आज हे जीव घटत आहेत. विषारी फवारणी, मैलोन्‌मैल एकच पीक, तोडलेली झाडे, तुटलेले बांध, ही त्याची कारणे आहेत. मधमाश्यांना मारक ठरलेल्या तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली. कायदे सरकार करील. आपण काय करावे?

आग्या माशी हंगामापुरती येते आणि फुलोरा सरला की आपणहून निघून जाते. तेव्हा यंदा मोहोळ लागले तर खाली दोरी बांधावी, मुलांना दगड मारू देऊ नये, धूर करू नये. अगदीच धोका वाटला तर न जाळता पोळे हलवणारा जाणकार बोलवावा, त्याचा खर्च वर्गणीतून करू. गावी शेती असेल त्यांनी फुलोऱ्यात फवारणी टाळावी. गॅलरीत तुळशीचे रोप लावावे, तिच्या मंजिरीवर माश्या येतात.

टेंभा पेटवायला कोणी निघालाच, तर या वेळी आम्ही गप्प राहणार नाही. आपणही राहू नये, एवढी विनंती करून आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम!