फोड फोडू नका



आज चामखिळीबद्दल बोलू. चामखीळ हातापायाला होते. कापूस वेचताना घासते, दुखते. मग कोणी बिब्बा घालतो, कोणी चुना लावतो, कोणी ब्लेडने कापतो. असं करू नका. कातडी भाजते, जखम चिघळते.

आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. चामखीळ गोठवून घालवता येते. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो तुम्ही पाहिला असेल. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या टाकीतून पांढरी वाफ निघते ना? ती त्याच्यामुळेच. पाण्याचा बर्फ शून्य अंशाला होतो. हा शून्याच्या खाली १९६ अंश थंड! म्हणून हे काम डॉक्टरांचंच. घरी करायचं नाही.

डॉक्टरांचं काम काही सेकंदांत होतं. पुढचं काम आपलं.

एकदोन दिवसांत तिथे फोड येतो. कधी त्यात रक्तही दिसतं. घाबरू नका. फोड फोडू नका. वरची कातडी हेच त्या जखमेचं पांघरूण आहे. फोड आपोआप फुटला, तर कातडी ओढू नका. रोज साबणाने व स्वच्छ पाण्याने हलके धुवा. कोरडं करा. थोडं व्हॅसलीन लावा. घासत असेल तर स्वच्छ पट्टी बांधा. हळद, राख, शेण लावू नका. खपली खरवडू नका. ती एक ते तीन आठवड्यांत पडते. तळपायाला जास्त दिवस लागतात.

जखम उघडी असताना फवारणीला जाऊ नका. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसं दगावली. औषध कातडीतून अंगात जातं. उघड्या जखमेतून तर लवकर जातं.

लाली पसरली, पू आला, ताप आला, दुखणं वाढलं, तर लगेच दवाखाना गाठा. मधुमेह असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणखी एक गोष्ट. जखम भरल्यावर तिथे पांढुरका डाग राहू शकतो. सावळ्या अंगावर तो जास्त दिसतो. तो बहुधा काही महिन्यांत जातो. कधी कायमचाही राहतो. पण तो कोड नव्हे. तो कोणाला लागत नाही. अशा डागावरून लेकीसुनेला कोणी नावं ठेवू नयेत. मात्र काही न करता उठलेला, बधिर असलेला डाग डॉक्टरांना दाखवाच. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि रोग बरा होतो.

तुम्ही आता वाचायला शिकलात. हे घरी मोठ्याने वाचून दाखवा.