हिशेब विचारणारा मित्र



आपल्या मंडळांच्या वार्षिक सभेतला एक प्रसंग तुम्हा सर्वांच्या परिचयाचा असेल. कोषाध्यक्ष ताळेबंद वाचतात. एखादा सभासद उठून एका खर्चाची पावती मागतो. सभागृह एकदम शांत होते. ‘यांचा आमच्यावर विश्वास नाही का?’ असा भाव चेहऱ्यांवर उमटतो. पुढच्या वर्षी तो सभासद येत नाही, किंवा येऊन गप्प बसतो. हिशेब मागणे म्हणजे वैर धरणे, असे आपण नकळत मानून बसलो आहोत. मधु लिमये यांच्या संसदीय कारकिर्दीकडे मी आज याच अंगाने पाहणार आहे.

लिमये १९२२ साली पुण्यात जन्मले; पण १९६४ च्या पोटनिवडणुकीत त्यांना लोकसभेवर पाठवले ते बिहारमधल्या मुंगेरने. पुढे ते बिहारमधल्याच बांक्यातूनही निवडून आले. परप्रांतातल्या माणसांचा विश्वास मिळवणे म्हणजे काय, हे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या तुम्हाला मी सांगायला नको.

ते सभागृहात आले तेव्हा काँग्रेसचे बहुमत प्रचंड होते. मतदानात सरकार हरण्याचा संभव नव्हता. अशा वेळी विरोधी सभासदाच्या हाती उरतो तो प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. पहिले उत्तर खात्याने तयार करून दिलेले असते. मंत्र्याला विषय किती ठाऊक आहे, ते पुरवणी प्रश्नातच उघडे पडते. मात्र त्यासाठी विचारणाऱ्याचीही तयारी लागते. लिमये यांची ती असे. सभागृहाचे नियम आणि राज्यघटना यांवरचे त्यांचे प्रभुत्व विरोधकांनीही मान्य केले होते.

आता मैत्रीकडे येऊ. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात लिमये यांना पोर्तुगीजांनी बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. सुमारे दीड वर्ष कैद भोगून १९५७ मध्ये ते सुटले. याच लढ्यासाठी जनसंघाचे जगन्नाथराव जोशी आणि बंगालमधले क्रांतिकारी समाजवादी पक्षाचे त्रिदिब चौधरी यांनीही पोर्तुगीजांचा तुरुंग पाहिला. तिघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर. १९६७ च्या लोकसभेत हे तिघेही होते, आणि तिघांचे पक्ष वेगळे होते.

कैदेतल्या सोबतीने मतभेद मिटले नाहीत. १९७९ मध्ये जनता पक्षात दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला, तेव्हा जुन्या जनसंघीयांविरुद्ध कठोर भूमिका घेणाऱ्यांत लिमये आघाडीवर होते. ती भूमिका योग्य होती की अयोग्य, यावर आजही दोन मते आहेत, आणि या सभागृहातही असतील. पण त्या वादाने गोव्यासाठी एकत्र भोगलेला तुरुंग खोटा ठरत नाही. स्नेह होता म्हणून प्रश्न गिळायचा नाही आणि प्रश्न विचारला म्हणून स्नेह तोडायचा नाही, ही दुहेरी शिस्त अवघड आहे.

लिमये यांनी ती शिस्त स्वतःलाही लावली. १९७१ मध्ये निवडलेल्या लोकसभेची मुदत १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणीत ती वाढवण्यात आली. लिमये तेव्हा तुरुंगात होते. लोकांनी दिलेली पाच वर्षे संपली, असे मानून त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. तरुण खासदार शरद यादव यांनीही तेच केले. बाकीचे बहुतेक सभासद, विरोधी पक्षांतलेसुद्धा, जागेवर राहिले. सरकारला जाब विचारणाऱ्याने आधी आपला जमाखर्च चोख ठेवावा लागतो, तो असा.

आपल्या संसदेने हा विचार एका प्रथेत बसवला आहे. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या लोकलेखा समितीत सगळ्या पक्षांचे मिळून बावीस सभासद असतात, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी सभासदाकडे देण्याचा प्रघात आहे. पहिला मान स्वतंत्र पक्षाच्या मिनू मसानींचा. म्हणजे ज्याला आपले धोरण पटत नाही, त्याच्याच हाती सरकार आपल्या वह्या सोपवते.

आपल्या मंडळांनाही हे करता येईल. पुढच्या सभेत जो पावती मागेल, त्याला चहा द्या, शेजारी बसवा आणि येत्या वर्षाची हिशेब-तपासणी त्याच्याकडेच सोपवा.