मागावे लागू नये म्हणून



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, चुकले-माकले पदरात घ्यावे. वाढदिवसाच्या दिवशी मरणाचा विषय काढते, म्हणून रागावू नका.

सहा वर्षांपूर्वी माझे मामंजी रात्री अकराला गेले. महिनाअखेर होती, घरात दोनशे रुपये. मयताचे सामान, गाडी, लाकडे, सारे रोखीचे. मी शेजारी हात पसरला. पैसे मिळाले, पण त्या रात्री माझे रडायचे राहूनच गेले.

परवा मुलीने मला मॅगी वॉकरबाईंची हकिगत वाचून दाखविली. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली. परंतु गोऱ्यांच्या विमा कंपन्या काळ्या लोकांना दारात उभे करीत नसत, नाहीतर हप्ता जास्त घेऊन रक्कम कमी देत. म्हणून १८६७ साली बाल्टिमोर शहरात मेरी प्राउट या बाईंनी सेंट ल्यूकच्या नावाने एक मंडळ काढले. सभासदांनी थोडी थोडी वर्गणी भरायची. आजारपणात मदत आणि मृत्यूनंतर दफनाचा खर्च मंडळाने द्यायचा.

मॅगीबाई रिचमंड शहरातल्या. आई लोकांचे कपडे धुई, मुलगी ते घरोघर पोचवी. लहान वयातच त्या या मंडळात आल्या. १८९९ साली चिटणीस झाल्या तेव्हा शिल्लक होती अवघी ३१ डॉलर ६१ सेंट, आणि वर देणे होतेच. बाईंनी हिशेब चोख ठेवला, गावोगाव सभासद केले, मुलांनाही बचतीची सवय लावली. १९०३ साली मंडळाची बँक निघाली आणि बाई तिच्या अध्यक्ष झाल्या. पुढे सभासद लाखाच्या घरात गेले.

यातली एक गोष्ट माझ्या मनाला लागली. ती मदत म्हणजे दया नव्हती. जिने वर्गणी भरली, तिच्या घरचा तो हक्क होता.

आपली भिशी आहेच; पण मरण काही भिशीचा नंबर पाहून येत नाही. म्हणून माझी सूचना अशी : दरमहा वीस रुपये, निराळी वही, दोघींच्या सहीचे खाते. कोणाकडे मयत झाले, की मागण्याआधी दोघींनी जाऊन रक्कम हाती द्यावी. किती द्यायची ते शिल्लक पाहून सर्वांनी ठरवावे. शिलकीपेक्षा मोठे वचन मात्र देऊ नये.

माझे पहिले वीस रुपये मी चिटणीसबाईंकडे देत आहे.