गुप्त मंडळे आणि उघडे कागद



डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. मराठीतही ती आली. येशूचा वंश पुढे चालला, चर्चने ते सत्य दडपले आणि ‘प्रायरी ऑफ सायन’ नावाच्या गुप्त मंडळाने ते शतकानुशतके जपले, असे तिचे कथानक. तिच्याविषयी वाचकांची मते एक नाहीत. भाविक ख्रिस्ती वाचकाला ती श्रद्धेची विटंबना वाटते. दुसरा म्हणतो, एस.टी.च्या प्रवासात वाचायची रहस्यकथा ती, एवढे मनावर काय घ्यायचे? तिसरा मात्र पुस्तक मिटून गंभीर होतो. जगाचा कारभार पडद्याआड बसलेली चार माणसेच चालवतात, हे त्याला आता पटलेले असते. खरी काळजी वाटावी ती या तिसऱ्याची. कारण तो पुष्कळदा अन्यायाने चिडलेला, कामाला लागू शकेल असा तरुण असतो.

पहिल्याचे दुःखही हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केले. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांची कर्मभूमी हीच. गावकुसाबाहेरच्या ज्या माणसांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांतील अनेकांना या जिल्ह्यात शाळा आणि माणूस म्हणून मान मिळाला तो चर्चच्या दारात. त्यांच्या नातवंडांना हा घाव झोंबला तर नवल नाही. मात्र बंदी हे त्यावरचे उत्तर नव्हे. २००६ मध्ये या कथेवरील चित्रपट काही राज्यांनी रोखला. तो थांबवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, हे योग्यच झाले.

आता तिसऱ्या वाचकाकडे वळू. प्रायरी ही १०९९ साली स्थापन झालेली खरी संस्था आहे, असे कादंबरीच्या आरंभीच छापले आहे. वस्तुतः पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १९५६ मध्ये ती नोंदवली, आणि तिची पत्रिका निघाली ती स्वस्त भाड्याच्या सरकारी घरांतील रहिवाशांच्या हक्कांसाठी! तेवढेच काम त्याने नेटाने केले असते तर चार कुटुंबांचे भले झाले असते. त्याऐवजी बनावट वंशावळी तयार झाल्या आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन पडल्या. १९९३ मध्ये हा सारा बनाव असल्याची कबुली प्लांतारने न्यायाधीशापुढे दिली.

असले बनाव नेहमीच निरुपद्रवी नसतात. ज्यूंच्या कथित गुप्त कटाचे ‘प्रोटोकॉल्स’ १९०३ मध्ये रशियात छापले गेले. ते चोरलेल्या मजकुरावरून रचलेले आहेत, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये सिद्ध केले. तरीही नाझींनी ते शाळांतून वाचायला लावले. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

गुप्त संघटना मुळी नसतातच, असे मात्र नव्हे. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकून १९०८ मध्ये परतले आणि नंतर कित्येक वर्षे लपून राहिले. नगरचे अच्युतराव पटवर्धन १९४२ मध्ये भूमिगत झाले आणि सरकारच्या हाती लागले नाहीत. त्याच वेळी काँग्रेस कार्यकारिणीला सरकारने नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले होते, आणि ते ठिकाण सुरुवातीला जाहीर केले नव्हते. म्हणजे त्या ऑगस्टात लपवाछपवी दोन्हीकडे होती. फरक इतकाच की अच्युतराव लपले ते लोकांच्या घरांत, लोकांच्या भरवशावर. आणि बापट ‘सेनापती’ झाले ते बॉम्बमुळे नव्हे, तर १९२१ नंतर मुळशीच्या शेतकऱ्यांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध उघड उभे राहिल्यामुळे.

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला हजारो भाविक जातात. त्याच हरेगावच्या परिसरात बेलापूर कंपनीच्या उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने गेल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या मूळ मालकाकडे परतल्या नाहीत. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. या व्यवहारात कोणतेही सांकेतिक चित्र नव्हते, की भुयारात भरणारी बैठक नव्हती. खंडाचा करार, विधानसभेत संमत झालेला कायदा, राजपत्रातील अधिसूचना, तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार, सारे मराठीत वा इंग्रजीत, शिक्क्यासह, मागेल त्याला पाहता येणारे. खंडकऱ्यांनी हे कागद वाचले, त्यांच्या नकला काढल्या, मोर्चे नेले, न्यायालयात हेलपाटे घातले. जमिनी परत हाती पडू लागण्यास २०१२ साल उजाडले. तोवर सातबाऱ्यासाठी झगडणाऱ्यांपैकी अनेकांची नावे वारसांच्या रकान्यात वरती, मयत म्हणून, लागली होती.