बावीस टक्के

गेल्या भागात बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "रत्नागिरीत इलेक्ट्रिक गाडी घेऊ का?" तर आज त्यावरच बोलतो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे गाडी घेण्याआधी एक्सेल शीट केलीच होती. पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे सात रुपये लागायचे, हिला दीड-दोन लागतात. हिशोब बरोबर आला, आजही बरोबरच आहे. चुकलं ते वेगळंच.

पहिला धडा अर्थिंगचा. घरी पंधरा अँपियरचा पॉइंट घेतला, गाडी लावली, चार्जरवर लाल दिवा! वायरमन आला आणि हसला. म्हणाला, "खाली जांभा आहे ना, मे महिन्यात सुकून दगड होतो. अर्थिंग मिळणार कुठून?" मग खड्डा खोल केला, मीठ-कोळसा भरला. आता उन्हाळ्यात आई तुळशीला पाणी घालते तेव्हा एक बादली त्या खड्ड्यातही ओतते.

दुसरा धडा घाटाचा. माझी बॅटरी ३० युनिटची, सपाटीवर एकशे नव्वद-दोनशे किलोमीटर जाते. पण कोल्हापूरला जायचं तर आंबा घाट चढायचा. दीड टनाची गाडी साधारण सहाशे मीटर वर न्यायची म्हणजे नुसत्या चढाईलाच अडीच युनिटच्या आसपास जातात. उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळतं, ब्रेक न दाबता टक्के वाढताना बघायला मजा येते. पण परत मिळतं ते येताना. जाताना खिशात असायला हवं.

तिसरा धडा जुलैतला. दोन दिवस धो धो पाऊस, झाडं पडलेली, संध्याकाळपासून लाईट नाही. रात्री अकराला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "कोल्हापूरला न्या, उशीर करू नका." गाडीत टक्के होते बावीस. रात्री लावू म्हणून ठेवलेली. कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. बावीस टक्क्यांत आंबा घाटाच्या पायथ्याशीसुद्धा पोचलो नसतो. वाटेतला फास्ट चार्जर ॲपवर हिरवा दिसत होता, पण तिथे आत्ता वीज आहे का, हे ॲप कुठे सांगतं?

शेजारच्या काकांनी काही न विचारता डिझेल गाडीची चावी हातात दिली. बाबा वेळेत पोचले, आता बरे आहेत. पण हातखंब्यापर्यंत मी एक शब्द बोललो नाही. बाबाच मागून म्हणाले, "अरे, बॅटरी संपली ती गाडीची, माझी नाही."

एक गंमत बघा. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करतं, जयगडला १२०० मेगावॅटचं केंद्र आहे, दाभोळलाही आहे. एवढी वीज आपल्या जिल्ह्यात तयार होते आणि पावसात आपल्याच घरात मेणबत्ती. राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर टोलमाफी आहे. छानच आहे! पण यातला एकही रस्ता आपल्या जिल्ह्यातून जात नाही. आपल्याला टोलमाफीपेक्षा घाटाच्या दोन्ही बाजूंना भरवशाचा चार्जर हवाय.

मग गाडी विकली का? नाही. रोजच्या तीस-चाळीस किलोमीटरला तिच्यासारखी गाडी नाही. फक्त नियम बदलला: जून ते सप्टेंबर साठ टक्क्यांच्या खाली आली की लगेच लावायची आणि लाईट जायच्या आधी, ढग भरून आले की ऐंशीच्या वर न्यायची. घरात दुसरी गाडी नसेल, आजारी माणूस असेल, तर घ्यायच्या आधी शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत तेही तपासा. माझ्या एक्सेलमध्ये तो कॉलम नव्हता.

तुमचा अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.